कामावर मणका चेपला असा क्लेम आला तर केस कशी तपासायची

कामावर पडून मणका चेपला असा क्लेम समोर आला की लगेच मणका किती टक्के चेपला ते काढायला बसू नका, आधी फ्रॅक्चर ताजं आहे की जुनं ते बघा, कारण खरा वाद तिथंच होतो. साध्या एक्स-रेत मणका चेपलेला दिसतो पण कधी चेपला ते बरेचदा कळतच नाही. त्यासाठी एमआरआय, आणि त्यात स्टर सीक्वेन्स (STIR, हाडातली सूज दाखवणारा एमआरआयचा प्रकार) हवाच. फ्रॅक्चर ताजं असेल तर मणक्याच्या आत सूज दिसते, काही महिन्यांत ती ओसरते, म्हणून एमआरआय लवकर करायला लावा. वर्षभरानं केला आणि सूज दिसली नाही, एवढ्यावरून क्लेम खोटा ठरत नाही हे प्लीज लक्षात ठेवा. अपघाताआधीचा कुठलाही एक्स-रे, अगदी छातीचा साइडनं काढलेला असला तरी शोधा, त्यात तोच मणका धड दिसला तर निम्मं काम झालं.

नेमका कसा पडला ते कामगारालाच विचारा. उंचावरून पायावर किंवा बुडावर आपटला की जास्त करून डी12 (छातीच्या भागातला शेवटचा मणका) नाहीतर एल1 (कमरेचा पहिला मणका) चेपतो. पायावर पडला असेल तर टाचेचा एक्स-रेपण बघा, तिथलं फ्रॅक्चर पाठदुखीच्या नादात राहून जातं.

आता टक्के. वरच्या आणि खालच्या मणक्याच्या पुढच्या उंचीची सरासरी घ्या. समजा 28 आणि 30 मिमी आहे, म्हणजे सरासरी 29, आणि चेपलेला 20 भरला तर 9 मिमी गेले, साधारण 31 टक्के. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या, कायमचं अपंगत्व ठरवायच्या गाइड्सच्या पाचव्या आवृत्तीत 25 आणि 50 टक्क्यांवर अपंगत्वाची कॅटेगरी बदलते, त्यामुळे अंदाजे लिहू नका, मोजा. मणक्याची मागची भिंतपण मोडली असेल तर ते बर्स्ट फ्रॅक्चर, त्याला सीटी स्कॅन लागतो. पायात ताकद नाही किंवा लघवी अडकलीय असं असेल तर क्लेम बाजूला ठेवा, पेशंटला आधी इमर्जन्सीत पाठवा.

हाडं ठिसूळ आहेत म्हणून सरळ नाही म्हणणं मला अजिबात पटत नाही. डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करा, स्टिरॉइड चालू होते का, कॅन्सर आहे का तेही बघा, पण ठिसूळ मणका त्या दिवसापर्यंत शाबूत होता आणि पडल्यावर मोडला तर ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

आणि पहिल्या एक्स-रेवर फायनल आकडा देऊ नका, मणका पुढच्या काही आठवड्यांत अजून बसू शकतो, दुखणं स्थिरावल्यावर उभं करून नवीन एक्स-रे काढा आणि परत मोजा.