खोकं मुकं हवं

आमच्या वाडीच्या भजनमंडळासाठी मी पहिला बॉक्स केला तो १२ मिलीच्या कमर्शियल प्लायचा. बारा इंची स्पीकर, वर छोटा हॉर्न, आतून फोम, बाहेरून काळा रंग. चतुर्थीच्या दुसऱ्या रात्री आरत्या आटोपल्या, खळ्यात भजनाची बारी बसली, गजर रंगात आला आणि पखवाजाच्या प्रत्येक ‘धा’च्या मागून एक ‘घुंऽऽ’ यायला लागलं. पखवाजी बिचारा दर अभंगानंतर धुमेवरची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावरची कणीक चाचपून बघत होता, थोडी काढत होता, पुन्हा लावत होता. दोष त्याच्या कणकेत नव्हता. बुवांनी गजर थांबवला नाही, पण दोनदा मान वळवून बॉक्सकडे बघितलं. त्या बघण्यामुळे मी हे काम मुळापासून शिकलो.

पखवाजाचं खोड आणि स्पीकरचं खोकं, दोन्ही लाकडाचीच. पण फणसाचं खोड घुमावं म्हणून कोरतात, आणि खोक्याने मात्र तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते फक्त कोनाने, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या कागदाने. बारा इंची स्पीकरच्या कोनाचं क्षेत्रफळ साधारण ५३० चौरस सेंटिमीटर. मी खाली देतो त्या मापाच्या बॉक्सच्या सहा भिंती आतून मोजल्या तर साडेदहा हजार चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे कोनाच्या वीसपट. भिंती कोनाच्या विसाव्या हिश्श्याइतक्या जरी हलल्या, तरी हिशेबाने त्या कोनाएवढाच आवाज करणार. आणि तो पखवाजाचा नसणार, प्लायचा असणार.

भिंत हलते की नाही हे डोळ्यांनी बघता येतं. बॉक्स आडवा ठेवा, तपासायची भिंत वर येऊ द्या आणि तिच्यावर मूठभर नाचणी पसरा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या, ॲम्प्लिफायरला जोडा आणि ८० हर्ट्झपासून हळूहळू वर चढा. आवाज मध्यम ठेवा. माझ्या त्या पहिल्या बॉक्सच्या पाठीवर १५० पर्यंत दाणे गप्प होते. १७० ला मधले थरथरायला लागले. १९० च्या आसपास मधले दाणे चक्क उड्या मारत कडेला पळाले, मधोमध तळहाताएवढी जागा स्वच्छ झाली आणि तिथे बोट टेकवलं तर मुंग्या आल्यासारखं वाटलं. २२० ला पुन्हा सगळं शांत. धुमेवर पडलेल्या थापेत या पट्ट्यातलं बरंच काही असतं, म्हणूनच ‘धा’ आला की पाठ बोलायची.

मी लगेच पाठीच्या मधोमध एक आडवी पट्टी ठोकली. नाचणी आता ३०० च्या थोडं वर नाचायला लागली. फरक पडला, पण मनाजोगता नाही. आमच्या वाडीतले म्हातारे सुतारकाका दारावरून जात होते, ते आत आले. त्यांना मी म्हटलं, “काकानू, आणखी एक आडवी मारू?” त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “रुंदी मोज झिला, लांबी कित्याक मोजतस?”

या एका वाक्यात सगळं ब्रेसिंग, म्हणजे भिंतींना आतून आधार देणं, आलं. फळी किती कडक राहणार हे तिची मोकळी राहिलेली लहान बाजू ठरवते. ३६० बाय ६६५ मिलीची फळी आडव्या पट्टीने मधोमध तोडली तर ती ज्या स्वराला नाचते तो साधारण पावणेदोन पट वर जातो. तीच पट्टी उभी, लांबीच्या दिशेने लावली की मोकळी रुंदी ३६० ची १८० होते आणि तो स्वर सव्वातीन पट वर जातो. लाकूड थोडं जास्त लागतं इतकंच. मी आडवी काढून उभी लावली, आणि साडेपाचशेपर्यंत दाणा जागचा हलला नाही. त्याच्या वर जे काही थोडं हललं ते इतकं बारीक की बारीत कुणाच्या कानावर यायचं नाही.

पट्टी काठावर उभी चिकटवा, सपाट नको. १८ बाय ४० मिलीची पट्टी सपाट लावण्याऐवजी ४० मिलीची बाजू फळीपासून आत येईल अशी लावली, तर ती जवळजवळ पाचपट ताठ राहते. आणि बरोबर मध्यावर लावू नका. ३६० मध्ये १६० आणि २०० असे दोन भाग पडू द्या. दोन्ही भाग सारखे झाले की दोघेही एकाच स्वराला जागे होतात आणि एकमेकांना साथ देतात.

आता बॉक्स. प्लाय १८ मिलीचा, सुतारांच्या भाषेत सहा सुती. जाडी दुप्पट केली तर फळी आठपट ताठ होते, त्यामुळे १२ वरून १८ वर जाणं म्हणजेच तिप्पटीहून जास्त फायदा. आपल्याकडे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, घेऊ नका. कडेने एकदा पाणी प्याला की एमडीएफ फुगतो, आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. खळ्यात, माटवाखाली, आषाढ-श्रावणात तो टिकायचा नाही. मरीन प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० चा. या दर्जाचा प्लाय ७२ तास उकळूनही सुटता कामा नये, अशी त्याची कसोटी आहे. मी नवीन दुकानातून माल आणला की एक तुकडा पातेल्यात टाकून दिवसभर चुलीवर ठेवतो. संध्याकाळी कडेला थर उघडलेले दिसले की तो प्लाय कपाटाला वापरावा, बॉक्सला नाही.

८ बाय ४ च्या एका शीटमधून दोन बॉक्स निघतात, ब्रेससकट. एका बॉक्सला लागतात वर-खालच्या दोन फळ्या ३९६ बाय ३१६ मिलीच्या, बाजूच्या दोन ६६५ बाय ३१६ च्या, पुढची आणि पाठीची ३६० बाय ६६५ ची. ६६५ ची बाजू शीटच्या लांबीला ठेवून तीन ओळी काढा: पहिलीत ३६० रुंदीच्या तीन फळ्या, दुसरीत एक ३६० ची, दोन ३१६ च्या, तिसरीत दोन ३१६ च्या आणि त्यांच्या शेजारी ३९६ बाय ३१६ च्या दोन, एकावर एक. उरलेल्या टोकातून ३९६ च्या राहिलेल्या दोन आणि ३६० बाय २८० च्या दोन निघतात. या शेवटच्या दोन फळ्या ब्रेससाठी. ओळींच्या कडेला उरलेल्या लांब चिरफळ्यांच्या ४० मिलीच्या पट्ट्या करा. करवतीचं पातं २ ते ३ मिली खातं, आखताना ते धरा.

पुढची आणि पाठीची फळी चौकटीच्या आत बसते, म्हणून आतली पोकळी येते ३६० रुंद, २८० खोल, ६६५ उंच: ६७ लिटर. पट्ट्या, स्पीकरचा मागचा भाग आणि हवेच्या भोकाचा पाइप मिळून साडेसहा लिटर खातात, हाती ६० राहतात. तिन्ही मापं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. आतली हवासुद्धा उंचीच्या हिशेबाने एका स्वराला घुमते. ६६५ मिलीला आपल्या गरम हवेत तो २६० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिन्ही बाजू सारख्या केल्यात तर तिन्ही घुमणी एकाच सुरावर येऊन बसतील.

हवेच्या भोकासाठी नळवाल्याकडचा ११० चा जाड पीव्हीसी पाइप चालतो. आतून तो १०४ मिली भरतो. ६० लिटरला ४५ हर्ट्झवर बसवायचा तर लांबी १३४ मिली, पुढच्या फळीची जाडी धरून. हे आकडे बहुतेक बारा इंची भजनाच्या स्पीकरना चालतात. पण स्पीकरबरोबर आलेल्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे त्याच्या गुणधर्मांचे आकडे दिलेले असतील तर विनआयएसडी या फुकट प्रोग्रॅममध्ये घालून नक्की करा. थील आणि स्मॉल या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९६० आणि ७० च्या दशकांत हे गणित बसवून दिलं, तेव्हापासून अंदाजाने बॉक्स करायचं कारण उरलं नाही.

पुढच्या फळीवर, आतल्या वरच्या कडेपासून हॉर्न २० ते १२० मिलीत, स्पीकरची फ्रेम १५० ते ४६०, पाइपचा मध्य ५६५ वर. स्पीकरचं भोक कापण्याआधी स्पीकर हातात घेऊन मोजा, कंपनीगणिक फरक पडतो.

जोडणीचा क्रम पाळा. आधी पाठीला आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या फेविकॉल मरीनने चिकटवा आणि एक रात्र सोडा. पाठीची पट्टी एका कडेपासून १६० वर, बाजूच्या पट्ट्या पुढच्या फळीच्या आतल्या तोंडापासून १६५ वर, म्हणजे चुंबकाच्या मागे जागा राहते. वरच्या-खालच्या फळ्या बसतील तिथे आणि पुढच्या-मागच्या फळ्या येतील तिथे पट्टी अडवत नाही ना, हे कोरडं जुळवून बघा.

लांब पट्टीची एक अडचण आहे: ६६५ मिलीच्या लांबीत ती स्वतःच मध्ये लवते. तिला मध्ये आधार हवा. तो देते खिडकीची ब्रेस, ३६० बाय २८० ची आडवी फळी. कडेने ५० मिली चौकट आणि मधोमध तेवढाच एक दांडा ठेवून बाकीचं जिगसॉने कापून टाका, म्हणजे हवा मोकळी फिरते. तीन उभ्या पट्ट्या जिथे येतात तिथे खाचा घ्या. ही ब्रेस स्पीकर आणि पाइप यांच्या मधोमध, वरून ४८५ वर बसते. पुढची फळी दोन भोकांमुळे तिथेच सगळ्यात कमकुवत झालेली असते, आणि चारही भिंती एकदम बांधल्या जातात. वरच्या भागात आणखी दोन दांडे: एक हॉर्न आणि स्पीकर यांच्या मधल्या अरुंद जागेतून, वरून १३५ वर, पुढच्या फळीपासून पाठीच्या पट्टीपर्यंत, दुसरा चुंबकाच्या मागून, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना जोडणारा. दांडा चुंबकाला टेकता कामा नये, मागे भोक असलेला स्पीकर असेल तर निदान दीड इंच मोकळं हवं. दांडे घट्ट बसतील इतके बरोबर कापा. लांब दांडा ठोकून बसवला की भिंत बाहेर ढकलली जाते आणि कोपऱ्याचा सांधा ताणला जातो.

शिकंजे कमी असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि बॉक्सभोवती ताणून गुंडाळा. दाब इतका छान आणि सारखा येतो की मी आता शिकंजे फक्त कोपऱ्यांना वापरतो. गोंद ओला आहे तोवर गुण्या लावा आणि आतले दोन्ही कर्ण मोजा. ३६० बाय ६६५ च्या चौकटीचा कर्ण ७५६ मिली यायला हवा, दोन्हीकडे तेवढाच. सांध्यांना आतून बोटाने गोंदाची कड फिरवा. स्क्रू स्टेनलेसचे. लोखंडी स्क्रू खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत लाल होतात आणि भोवतीचं लाकूड पिठासारखं करून टाकतात. स्पीकरला लाकडी स्क्रू नकोच, फळीच्या मागून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) आणि पुढून बोल्ट.

भिंतीला आतून इंचभर फोम पाठ, बाजू आणि वर लावा, पाइपच्या तोंडाजवळ नको. फोम मधल्या स्वरांचे आतले पडसाद खातो. भिंतीचं हलणं तो थांबवत नाही. माझ्या पहिल्या बॉक्सला फोम भरपूर होता. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात उलटी वाट धरली होती: पातळ भिंती आणि त्यांवर डांबरी थर, म्हणजे भिंत हलली तरी लगेच निवते. खोलीत हळू आवाजात ऐकायला ती रीत उत्तम आहे. खळ्यात रात्रभर वाजणाऱ्या आणि टेम्पोतून फिरणाऱ्या बॉक्सला मी ताठ भिंतच पसंत करतो.

प्लायच्या उघड्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात. त्यांना पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात, मग प्रायमर, मग ऑइल पेंट. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला चांगलं असतं, पण त्याने हाताला फोड येतात, आणि बॉक्स चार माणसं उचलतात. खाली रबराचे बूट मारा. सारवलेल्या खळ्यात बॉक्स जमिनीला टेकला तर ओल थेट वर चढते. रिकामा बॉक्स पंधरा किलोच्या आसपास भरतो, तेव्हा मुठी दोन्ही बाजूंना हव्यात. मुठीचं भोक आरपार असेल तर त्याला आतून डबी हवीच, नाहीतर तिथून हवा फुसफुसते.

शेवटी गळती तपासा. ३० हर्ट्झचा टोन हळू लावा आणि पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, स्पीकरच्या फ्रेमभोवती, वायर जोडायच्या टर्मिनलभोवती फिरवा. धूर सरळ वर जायला हवा. कुठे तो तुटला, थरथरला, की तिथे गोंद किंवा गॅस्केट भरा. पाइपच्या तोंडाशी मात्र तो नाचणारच. मग नाचणी पुन्हा पसरा आणि सगळ्या भिंती एकदा ऐकून घ्या.

दसरा झाला की हवा कोरडी पडते आणि लाकूड थोडं बसतं. तेव्हा स्पीकरचे आठही बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी अर्धा अर्धा फेरा आवळा.