पहिल्या रात्रीआधीचे बोलणे: योनिपटलाविषयी मुलीला आणि मुलाला काय सांगावे

लग्न ठरल्यापासून केळवणे, बस्ता, मानपान आणि पंगतीतला मेनू या सगळ्यांवर घरात खल होतो. पण वधूवरांच्या शरीरसंबंधाविषयी बोलायची वेळ आली की सगळे कामाला लागतात आणि ती जबाबदारी मैत्रिणींवर, सिनेमावर आणि मोबाइलवर सोपवली जाते. हे मार्गदर्शन अशा घरातल्या त्या एका व्यक्तीसाठी आहे, जिला हा विषय काढणे भाग आहे असे वाटते: थोरली बहीण, वहिनी, मावशी, आत्या किंवा लग्न झालेला मोठा भाऊ. आई-वडिलांना हे बोलणे जमले तर उत्तमच, पण बहुतेक घरांत ते एक पाऊल बाजूच्या नात्याला अधिक सोपे जाते. बोलणे लग्नाच्या आदल्या दिवशी ठेवू नये, कारण हळद-मेंदीच्या गडबडीत प्रश्न विचारायला उसंत मिळत नाही. निदान महिनाभर आधी, घरी दुसरे कोणी नसताना किंवा एखाद्या संध्याकाळी फिरायला गेल्यावर ते करावे. आणि मुलाशी स्वतंत्रपणे बोलावे. संशय मुलीच्या शरीरातून नव्हे, तर त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या डोक्यातून निघतो, त्यामुळे केवळ मुलीला समजावून भागत नाही.

बोलण्याआधी शब्द निवडून ठेवावेत, कारण या विषयात भाषाच आधी घोटाळा करते. जुन्या ग्रंथांत ‘अक्षतयोनी’ असा शब्द आहे, म्हणजे जिला क्षत झालेले नाही अशी. वर्तमानपत्रांत ‘कौमार्यभंग’ आणि ‘शीलभंग’ येतात, आणि कट्ट्यावर पोरे ‘सील तुटणे’ असे म्हणतात. मराठीतले ‘शील’ आणि इंग्रजीतले ‘सील’ हे कानाला इतके सारखे लागतात की चारित्र्य आणि बाटलीचे झाकण यांत फरक उरत नाही. या सर्व शब्दांत काहीतरी मोडते, फुटते, भंगते. ‘कौमार्यपटल’ हाही शब्द टाळून ‘योनिपटल’ म्हणावे, आणि त्यातल्या ‘पटल’ या शब्दानेही दिशाभूल होते हे लगेच सांगून टाकावे, कारण पटल म्हटले की डोळ्यांसमोर पूर्ण ताणून बसवलेला पडदा येतो आणि तसे काही तिथे नसते.

मग तिथे काय असते? गर्भात योनिमार्ग तयार होताना त्याच्या बाहेरच्या टोकाशी श्लेष्मल त्वचेची (तोंडाच्या आत असते तशा ओलसर अस्तराची) एक घडी शिल्लक राहते, तेच योनिपटल. ते आत खोलवर नसून योनिमुखापासून सुमारे एक-दोन सेंटिमीटरवर, कडेकडेने असते, आणि मधोमध वाट मोकळी असते. वाट मोकळी नसती तर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. मुलीला पटवायला एवढा एक युक्तिवाद बहुधा पुरतो. त्याचा आकार कोणात बांगडीसारखा गोल, कोणात चंद्रकोरीसारखा, कोणात चाळणीसारखा छिद्रांचा, तर कोणात मध्ये एक उभी पट्टी असलेला असतो, आणि काहींमध्ये ते जन्मतःच नावापुरते असते. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते जाड, मऊ आणि ताणले जाणारे होते. समजावताना परकराच्या चुणीदार झालरीची उपमा द्यावी: झालर ताणली तर पसरते, सोडली तर पुन्हा चुण्या पडतात, आणि क्वचित जोरात ओढल्यास एखाद्या ठिकाणी उसवते. स्वीडनमधील लैंगिक शिक्षणाच्या एका संस्थेने २००९ मध्ये कौमार्याचा अर्थ असलेला जुना शब्द टाकून ‘योनीची कडी’ अशा अर्थाचा नवा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न केला, तो याचसाठी. मुलीला संकोच वाटत नसेल तर हात धुऊन, लहान आरसा धरून स्वतःचे शरीर एकदा पाहायला सांगावे. मूत्रमार्ग आणि योनिमार्ग वेगवेगळे असतात हेही अनेकींना त्याच दिवशी प्रथम कळते.

आता रक्ताचा प्रश्न, आणि इथे घाई करू नये. योनिपटलात रक्तवाहिन्या फारशा नसतात. पहिल्या संबंधात त्याला बारीकशी चीर पडली, तर थोडेसे गुलाबी पाणी किंवा दोन-चार थेंब दिसतात आणि काही दिवसांत जागा भरून येते. ते नुसते ताणले गेले, तर काहीच दिसत नाही. लंडनमधील स्त्रीरोगतज्ज्ञ सारा पॅटरसन-ब्राऊन यांनी आपल्या ४१ सहकारी स्त्रियांना विचारले, तेव्हा त्यांपैकी ६३ टक्के स्त्रियांना पहिल्या वेळी रक्तस्राव झालेला नव्हता, आणि ही माहिती १९९८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. पाहणी लहान आणि अनौपचारिक होती हे मान्य केले, तरी ‘पहिल्या रात्री रक्त येतेच’ या विधानातला ‘च’ खोडायला ती पुरेशी आहे. जिथे बरेच रक्त येते, तिथे त्याचे कारण अनेकदा पटल नसून कोरडेपणा, भीतीने आखडलेले स्नायू आणि घाई हे असते, आणि जखम योनीच्या भिंतीला झालेली असते. म्हणजे ज्या डागाकडे पावित्र्याची खूण म्हणून पाहिले जाते, तो कित्येकदा नवऱ्याच्या अधीरपणाची खूण असतो. हे वाक्य मुलाला जसेच्या तसे सांगावे.

रक्त न आल्याचे कारण विचारले गेल्यास ‘लहानपणी सायकल चालवली होती’ किंवा ‘ती कबड्डी खेळायची’ असे उत्तर देण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. हेतू चांगला असला, तरी हे उत्तर मुलीला शिकवू नये, असे माझे ठाम मत आहे. एक तर खेळांमुळे किंवा टॅम्पॉनमुळे (पाळीत योनीत ठेवायच्या शोषक बोळ्यामुळे) योनिपटल सर्रास फाटते, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही. दुसरे म्हणजे, ‘सायकलीने फाटले असेल’ असे म्हणणारा माणूस ‘न फाटलेले असायला हवे होते’ हे आधीच कबूल करतो, आणि त्यातून सायकल न चालवलेल्या मुलीला पुन्हा उत्तर द्यावेच लागते. शिवाय याच समजुतीमुळे कित्येक आया मुलींना मेन्स्ट्रुअल कप (पाळीचे रक्त धरण्यासाठी योनीत ठेवायचा कप) वापरू देत नाहीत आणि वयात आल्यावर मैदानावरून घरी बोलावतात. खरे उत्तर छोटे आहे: रक्त येणे आणि न येणे, दोन्ही नेहमीचे आहे, आणि दोहोंवरून काहीही कळत नाही.

‘डॉक्टर तपासून सांगू शकतील ना?’ असे कोणी विचारेलच, त्याचेही उत्तर तयार ठेवावे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ गर्भवती किशोरवयीन मुलींची तपासणी झाली होती आणि त्यांपैकी केवळ दोघींमध्ये संबंध झाल्याची निश्चित खूण आढळली. ज्यांना दिवस गेले आहेत त्यांच्यातच जर हे सांगता येत नसेल, तर इतरांविषयी कोण काय सांगणार? ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाबरोबर आणि महिलाविषयक संस्थेबरोबर जाहीर केले की कौमार्य चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि ती जगभर थांबवली पाहिजे. सेवाग्राम येथील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हाच मुद्दा लावून धरला आणि त्यानंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमातून काढून टाकला. त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांनी मात्र तो धडा पाठ केलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

मुलाशी बोलताना पुण्याजवळच्या कंजारभाट समाजाचे उदाहरण निघतेच, कारण तिथे जातपंचायतीसमोर पांढऱ्या चादरीवरील डाग पाहून ‘माल’, म्हणजे नवरी, खरा की खोटा हे ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध त्याच समाजातील तरुण-तरुणींनी २०१७-१८ मध्ये ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ या नावाने उघड मोहीम चालवली आणि त्यासाठी मार व बहिष्कार सोसला. परंतु हे उदाहरण देऊन ‘आपल्यात असे काही नसते’ असे हायसे वाटून घेऊ नये. चादर पंचायतीला दाखवली जात नाही, तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणी तरी पाहत असते. मुलाला तीन गोष्टी सांगाव्यात: डाग शोधायचा नाही, ‘याआधी कोणी होते का’ हा प्रश्न त्या रात्री विचारायचा नाही, आणि मित्रांनी सकाळी फोन केल्यास त्यांना काहीही सांगायचे नाही.

यानंतरचे बोलणे दोघांसाठी आहे. पहिल्या रात्री संबंध झालाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. दोन-तीन दिवसांच्या विधींनी थकलेली, नव्या घरात अवघडलेली मुलगी आणि ‘जमेल ना’ या धास्तीत असलेला मुलगा यांनी त्या रात्री सरळ झोपावे, हे बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाचे ठरते. पुढे जेव्हा दोघांनाही हवेसे वाटेल, तेव्हा स्पर्शाला आणि बोलण्याला पुरेसा वेळ द्यावा, कारण स्त्रीच्या शरीरात इच्छेबरोबर ओलावा येतो आणि स्नायू सैल होतात. तसे होण्याआधी केलेला प्रवेश दुखतोच. ओलावा कमी वाटल्यास औषधाच्या दुकानात मिळणारी, पाण्याचा आधार असलेली जेली वापरावी. निरोध वापरणार असल्यास खोबरेल तेल, तूप किंवा व्हॅसलीन लावू नये, कारण तेलकट पदार्थाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटते. थोडा ताण किंवा चुरचुर जाणवू शकते; परंतु कळ आली, तर थांबावे, आणि ती ‘थांब’ म्हणाली की तत्क्षणी थांबावे. ‘पहिल्यांदा सोसायचेच असते’ हे वाक्य आपल्या आज्यांनी आयांना सांगितले आणि आयांनी मुलींना. ते पुढे नेऊ नये.

पहिल्याच संबंधातून दिवस जात नाहीत, ही समजूतही तितकीच जुनी आणि तितकीच खोटी आहे. मूल एवढ्यात नको असेल, तर गर्भनिरोधनाचा निर्णय लग्नाआधीच घ्यावा. निरोध सरकारी दवाखान्यात व प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, आणि चूक झाल्यास तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घेता येते. संबंधानंतर लघवीला जाऊन यावे. नवविवाहितांना लघवीच्या जळजळीचा त्रास वारंवार होतो, आणि तो लाजेने अंगावर काढला जातो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे, हे मात्र नेमके सांगावे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त येत असेल, किंवा रक्त थांबतच नसेल, तर रात्रीच रुग्णालयात जावे. अनेक प्रयत्न करूनही प्रवेश होत नसेल, स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर त्यात मुलीचा हट्ट नसतो. त्यावर समुपदेशन आणि स्नायूंच्या व्यायामांनी उपचार होतात, आणि जबरदस्तीने ते वाढते. पंधरा-सोळा वर्षांची झाली तरी पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखते, अशी मुलगी घरात असेल तर तिचे योनिपटल पूर्ण बंद असण्याची शक्यता असते. साधारण एक ते दोन हजार मुलींमागे एकीत असे आढळते, रक्त आत साठत राहते, आणि लहानशा शस्त्रक्रियेने ते सुटते. अशा शस्त्रक्रियेला ‘लग्नाचे काय होईल’ म्हणून नकार देणारे पालक भेटतात, त्यांना हा सगळा लेख वाचून दाखवावा.

योनिपटल ‘पुन्हा जोडून’ देण्याच्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय कारण नसते, आणि तिच्यानंतर रक्त येईलच याची खात्रीही नसते. ब्रिटनने २०२२ मध्ये कौमार्य चाचणीबरोबर तिलाही कायद्याने गुन्हा ठरवले. तरीही एखादी मुलगी जिवाच्या भीतीने त्याबद्दल विचारत असेल, तर तिला प्रवचन देऊ नये. तिला धोका कोणाकडून आहे, हे आधी विचारावे.

शेवटी, कोणी चाचणीची मागणी केलीच, तर काय करायचे ते मुलीला ठाऊक असू द्यावे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, बलात्काराच्या तक्रारीत सुद्धा ‘दोन बोटांची चाचणी’ (योनीत बोटे घालून केलेली तपासणी) करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कोठडीतील स्त्रीची कौमार्य चाचणी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विवाहातील अशा सक्तीकडे लैंगिक अत्याचार म्हणून पाहिले जाईल असे जाहीर केले, आणि पंचायतीने वाळीत टाकल्यास २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी या कारणावरून छळ केल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार आहे. १८१ हा महिलांसाठीचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक तिच्या फोनमध्ये, सासरी जाण्याआधी, तुमच्यासमोर साठवून घ्यावा, आणि त्यांच्या वर तुमचा स्वतःचा.