दमट हंगामातील धिंगरी: बीटा-ग्लुकन, काढणीची वेळ आणि उत्पादकाची फुफ्फुसे

पावसाळी हवेत धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) बेड, म्हणजे काड भरलेल्या पिशव्या, भराभर फुटतात, आणि तिने प्रतिकारशक्ती वाढते का, हा प्रश्न ग्राहक उत्पादकालाच विचारतो. त्याचे उत्तर नेमके द्यायला हवे. अळिंबीच्या पेशीभित्तिकेत कायटिन या टणक पदार्थाच्या जोडीला बीटा-ग्लुकन नावाची बहुशर्करा (साखरेच्या कणांची लांब साखळी) असते. आपल्या रक्षक पेशींवरचा डेक्टिन-1 हा ग्राही (बाहेरचा पदार्थ ओळखणारे प्रथिन) तिला ओळखतो आणि बुरशी शिरल्याची खूण समजून त्या पेशी सावध होतात. शिटाके अळिंबीतील लेंटिनन हे बीटा-ग्लुकन जपानमध्ये 1985 पासून जठराच्या कर्करोगात केमोथेरपीला पूरक म्हणून वापरले गेले, परंतु ते शुद्ध करून शिरेतून दिले जाई. ताटातल्या भाजीला तोच गुण चिकटवणे योग्य नाही. म्हणून पाकिटावर रोग बरा होण्याचा दावा छापू नये, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या ग्राहकाने अळिंबीचा अर्क किंवा गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, असे त्याला आवर्जून सांगावे.

उत्पादकाने अधिक काळजी करावी ती स्वतःच्या छातीची. पक्व टोपी काळ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवली, तर सकाळी टोपीखालच्या पातींच्या रेषांसारखी पांढुरकी भुकटी उमटलेली दिसते. हे बीजाणू बंद खोलीत रोज श्वासावाटे आत गेले, की सावध झालेली शरीराची प्रतिकार यंत्रणाच काहींच्या फुफ्फुसांना सूज आणते. काम आटोपल्यावर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला आणि धाप लागत असेल आणि सुट्टीच्या दिवशी बरे वाटत असेल, तर हा साधा सर्दी-ताप समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना अळिंबीच्या कामाची माहिती द्यावी.

यावर मोठा उपाय काढणीच्या वेळेतच आहे. टोपीची कड आतल्या बाजूला किंचित वळलेली असतानाच घड पिळून काढावा. कड सपाट होऊन वर वळू लागली, की बीजाणू मोठ्या प्रमाणात सुटतात आणि मालही चिवट होतो. खोलीत शिरण्यापूर्वी दारे-झडपा उघडून हवा खेळू द्यावी, एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवावा, हिरवी बुरशी आलेली पिशवी न फोडता बाहेर न्यावी. उरलेला माल 50 ते 55 अंश सेल्सिअसला कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात भरावा. बीटा-ग्लुकन भित्तिकेचाच भाग असल्यामुळे वाळवल्याने ते उडून जात नाही.