पारलिंगी बाईला आधारगृहात घेताना

रात्री साडेअकराला पोलिसांची गाडी फाटकाशी थांबली. आतल्या बाईचा ओठ फाटलेला, पायात एकच चप्पल. हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, केस जरा वेगळी आहे." मी तिला आधी पाणी दिलं आणि विचारलं, "तुला काय नावाने हाक मारू?" तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

18 वर्षं मी स्त्रियांचं आधारगृह सांभाळते. नव्या अधीक्षिका विचारतात, पारलिंगी बाई, म्हणजे जन्मताना मुलगा म्हणून नोंदलेली पण स्वतः बाई असलेली, आली तर घ्यायची कशी? मारहाण झालेल्या कुठल्याही बाईला घेतो तशीच. फक्त काही गोष्टींना जास्त जपा.

सांगेल तेच नाव हजेरीत, जेवणाच्या यादीत, औषधाच्या पाकिटावर लिहा. आधार कार्डावर दुसरं असेल तर ते कार्यालयातल्या फाइलमध्येच राहू दे. आमच्याकडे एकदा नव्या मुलीने हजेरी घेताना कागदावरचं नाव मोठ्याने वाचलं. खोलीतल्या 14 जणींच्या माना एकदम वळल्या. जिचं नाव वाचलं ती दोन दिवस जेवायला खाली आली नाही. यादी मी आधी बघायला हवी होती, हे मला आजही लागून आहे.

शरीराबद्दल प्रश्न नकोत. जखमा डॉक्टर बघतील. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्याशीच बोलून घ्या, इतरांच्या बीपीच्या गोळ्यांसारख्याच वेळेवर द्या, खंड पडू देऊ नका.

संस्थेची समिती "कायद्यात बसतं का?" म्हणेल. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मान्य केला. शस्त्रक्रिया झालेली पारलिंगी स्त्री कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये म्हटलं. याच कायद्याच्या कलम 6 प्रमाणे पीडितेने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागितला तर निवारागृहाने आसरा द्यायचा असतो. हे कागद फाइलला लावूनच बैठकीला जा.

खरं काम पुढे आहे, खोलीतल्या बायांचं. नवऱ्याचा मार खाऊन आलेली एक ताई रात्री जाड आवाज ऐकून थरथरत उठली. तिची भीती खोटी नव्हती. तिला रागवू नका, पण म्हणून नव्या बाईला स्टोअररूममध्येही टाकू नका. मी ताईला तिची खाट कुठे हवी ते विचारलं आणि खिडकीजवळ हलवली. चार दिवसांनी दोघी एकत्र भाजी निवडत होत्या. दरवेळी असंच होईल असं नाही. कुणी टोमणे मारले, मग ती कुणीही असो, तर नियम दाखवून त्याच दिवशी थांबवा.

पारलिंगी व्यक्तींसाठी केंद्राच्या योजनेतली गरिमा गृहं नावाची निवारागृहं आहेत. तिला जायचं असेल तर गाडी करून सोडा, पण "तुझी जागा तिकडे" म्हणून पाठवू नका.

आणि बाथरूमची कडी आजच तपासा. आमची एक वर्षभर नुसती लोंबत होती. नव्या बाईसाठी बसवून घेतली, आता सकाळी सगळ्या जणी त्याच बाथरूमपुढे रांग लावतात.