समुपदेशनाला येताय? मग या चुका टाळा

पहिल्या सेशनला खुर्चीत बसल्या बसल्या बरेच जण म्हणतात, “मॅडम, मी काय करू तेवढं फक्त सांगा.” नोकरी सोडू का, सासरी परत जाऊ का, भावाशी बोलणं तोडू का. मी ते सांगत नाही. समोरच्याचा हिरमोड झालेला मला दिसतो, आणि तो साहजिकही आहे. पैसे मोजून सल्लासुद्धा मिळणार नसेल तर आलो कशाला? पण सल्ले देणारे त्याला आधीच ढिगाने भेटलेले असतात. मावशी, ऑफिसातले मित्र, सोसायटीतले निवृत्त काका. त्यांच्या सल्ल्यांनी काम झालं असतं, तर तो माझ्यापर्यंत पोचलाच नसता.

सल्ला मागण्यात काही गैर नाही. गडबड होते ती पुढे. सल्ला मिळाला नाही म्हणून माणूस मनातून खट्टू होतो, वरवर “हो, बरोबर आहे मॅडम” म्हणत राहतो आणि चौथ्या सेशनला येतच नाही. थेरपी फसते त्यामागे अनेक कारणं असतील, पण मला सर्वाधिक दिसणारं कारण हेच: थेरपीबद्दलची तक्रार घरी सांगितली जाते, मैत्रिणीला सांगितली जाते, फक्त थेरपिस्टला सांगितली जात नाही.

माझी पद्धत थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलं की उपचार करणाऱ्याचा खरेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं यांतून बदल घडतो. त्याआधी दोन वर्षं, १९५५ मध्ये, अल्बर्ट एलिस यांनी त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली होती. घटना नव्हे, तर घटनेबद्दलचे आपले हट्टी विचार आपल्याला जास्त छळतात, हा तिचा गाभा. महाराष्ट्रात ती रुजवली मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी. मी दोन्ही वापरते. पहिली काही सेशन्स बहुतेक ऐकण्यात जातात, मग विचारांची वही निघते: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं, काय केलं हे त्यात घरी लिहायचं. “नुसतं बोलून काय होणार” असं ज्यांना वाटतं, ते सहसा वही निघण्याआधीच गळतात.

वही तोंडदेखली भरू नका

एका तरुणाचं उदाहरण घेते. तो हिंजवडीत नोकरीला आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्याने पहिल्या आठवड्यात लिहून आणलं: “बुधवार. टीम कॉल. खूप वाईट वाटलं.” अशा नोंदीवर काम करता येत नाही. मग आम्ही तीच नोंद उकलली. नेमकं काय झालं? मॅनेजर कॉलवर म्हणाला, “हे पुन्हा एकदा बघून घे.” मनात काय आलं? “सगळ्यांसमोर माझी लायकी काढली. माझ्याकडून चूक होताच कामा नये.” भावना? लाज, शंभरपैकी ऐंशी, राग, साठ. केलं काय? कॅमेरा बंद केला, जेवला नाही, रात्री दोनपर्यंत दुसऱ्या नोकऱ्या शोधत बसला.

आता हाताला काहीतरी लागलं. मॅनेजरच्या पाच शब्दांत “लायकी” कुठेच नव्हती, ती याने घातली होती. इथे नवखे लोक एक घाई करतात. वाईट विचार खोडून त्यावर “मी बेस्ट आहे, सगळं छान होणार” असं लिहितात. मनाला ते पटत नाही, म्हणून दोन दिवसांत उडून जातं. या तरुणाने बऱ्याच खाडाखोडीनंतर लिहिलेलं वाक्य असं होतं: “चारचौघांत चूक दाखवली ते मला आवडलं नाही. एकट्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने मी नालायक ठरत नाही.” लाज ऐंशीवरून पस्तीसवर आली. शून्यावर आली नाही, यायची गरजही नव्हती.

वही भरली जात नसेल तर सेशनच्या आदल्या रात्री आठवडाभराच्या नोंदी एकदम उरकू नका. एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेली सात पानं लगेच ओळखू येतात! “जमलं नाही” एवढंच सांगा, आपण काम लहान करू. आठवड्यात एकच नोंद, किंवा मोबाइलवर मिनिटभर बोलून रेकॉर्ड. आणि अंघोळ करायलाही अंगात त्राण नसेल, तर विचारांची वही हे त्या वेळचं कामच नव्हे. तेव्हा आधी सकाळी पंधरा मिनिटं चालणं, वेळेवर दोन घास. डोकं नंतर.

घरच्यांचा गुपचूप फोन

“मॅडम, मी फोन केल्याचं त्याला कळू देऊ नका हं, पण तो तुम्हाला सगळं सांगत नाही.” हा फोन बहुधा आईचा असतो, क्वचित बायकोचा. त्यामागे काळजी असते. तरी माझा नियम पक्का आहे: सज्ञान क्लायंटबद्दल मला जे सांगाल, ते मी त्याला सांगेन. आडून मिळालेली माहिती घेऊन मी त्याच्यासमोर बसले, तर माझ्या प्रत्येक प्रश्नाला वास येऊ लागेल. त्याच्या संमतीने एकत्र सेशनला या, तिथे मोकळेपणाने बोला.

“आज काय बोललास?” हा प्रश्नही रिक्षात बसल्या बसल्या विचारू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयता हा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत, ते मी पहिल्याच दिवशी सांगते: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, अल्पवयीन मुलाचं लैंगिक शोषण होत असेल तर, आणि कोर्टाचा आदेश असेल तर. तुमच्या थेरपिस्टने हे सांगितलं नसेल तर विचारा.

उठता उठता सांगितलेली गोष्ट

पंचेचाळीस मिनिटं ऑफिसच्या राजकारणावर बोलणं होतं. मग चप्पल घालताना, दाराकडे बघत: “तसं... घरी हल्ली तो हात उगारतो.” हे फार वेळा घडतं आणि त्यात लबाडी नसते, धीर गोळा व्हायलाच तेवढा वेळ लागतो. पण पाच मिनिटांत त्या गोष्टीला न्याय देता येत नाही. सुरुवातीलाच म्हणा, “आज एक अवघड सांगायचंय, अजून तयारी नाही.” एवढ्यानेही मला वेळ राखून ठेवता येतो.

मरणाचे विचार लपवण्याचं तर विशेष करून घडतं. सांगितलं की लगेच ॲडमिट करतील, घरी फोन करतील, ही भीती. असे विचार मनात येणं आणि जीव देण्याची तयारी करून ठेवणं यांत मोठा फरक आहे, आणि तो ओळखणं माझं काम. मी थेट विचारते; विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. सेशनला वेळ असेल आणि रात्र काढणं कठीण वाटत असेल, तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. धोका डोळ्यांसमोर असेल तर माणसाला एकटं सोडू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांचं काय

सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाही. ते सायकिॲट्रिस्टचं काम. गरज वाटली तर मी पाठवते आणि थेरपी सोबत चालू राहते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, डोकं जड होणं मात्र आधी येतं. म्हणून चौथ्या दिवशी “लागू पडत नाही” म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून परस्पर तर मुळीच नाही. थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासून घ्या.

पाटी वाचून जाऊ नका

“काउन्सेलर” अशी पाटी लावणाऱ्याचं शिक्षण काय, हे पाटीवरून कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो मागा. इतरांना पदवी कुठली, कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम केलंय ते विचारा. या प्रश्नाने जो चिडेल, त्याच्याकडे न गेलेलंच बरं. पहिल्या भेटीत खात्रीने बरं करण्याचं आश्वासन देणाऱ्याकडेही.

गायब होऊ नका

प्रत्येक सेशनच्या शेवटी मी विचारते, “आज बिनकामाचं काय वाटलं?” उत्तर येतं, “नाही नाही, छान झालं.” आपल्याकडे डॉक्टरसमोर तक्रार करणं उद्धटपणा समजतात, त्याचा हा भाग. पण “तुम्ही त्या दिवशी माझ्या आईची बाजू घेतलीत असं वाटलं” असं कुणी म्हणालं, की पुढचं सेशन बहुतेक वेळा आतापर्यंतचं सर्वांत कामाचं ठरतं. जो माणूस बाहेर कुणाला नाराजी बोलून दाखवू शकत नाही, त्याला सरावासाठी याहून सुरक्षित जागा मिळणार नाही.

बोलूनही सूर जुळत नसेल तर थेरपिस्ट जरूर बदला. “या आठवड्यात जमत नाही” असे मेसेज महिनाभर पाठवत बसण्यापेक्षा एकच पाठवा: “मॅडम, मला वाटतं मला वेगळ्या पद्धतीची गरज आहे. थांबायचं म्हणते. दुसरं कुणी सुचवाल का?” मी सुचवते. तुमची हरकत नसेल तर आतापर्यंतच्या कामाचा एक पानी सारांशही देते, म्हणजे तिकडे सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.