गढीचं भुयार मोकळं करताय? या चुका टाळा

खान्देशात कुठल्याही गढीपाशी उभे राहा, कुणीतरी हात करून सांगतंच, "हे भुयार पार किल्ल्यापर्यंत जातं." आमच्या श्रमदानाच्या गटाने मोकळी केलेली बहुतेक भुयारं वीस-पंचवीस फुटांवर बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, नाहीतर तळघरात संपली. तरी दर वेळी पहिल्याच दिवशी सगळ्यांना पुढे काय आहे ते बघायची घाई होते. आमच्यावर बेतलेले प्रसंग त्या घाईतलेच आहेत.

छत आणि कड न बघता खोदणं

आपल्याकडची भुयारं दोन जातींची. डोंगरी किल्ल्यांवर, म्हणजे भामेरसारख्या ठिकाणी, काळ्या पाषाणात कोरलेली लेणी आणि टाकी. तापीकाठच्या गढ्यांत मात्र पांढरी माती. दोन्हींना एकच पद्धत लावू नका.

पाषाणात शिरण्याआधी पहारेच्या टोकाने छत हलकेच ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर दगड एकसंध आहे. भद्द वाजलं तर वरची शिळा सुटलेली आहे, तिच्याखाली उभं राहू नका. दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा दिसला तर तिथून पाणी झिरपतं, माती झिजते आणि वरच्या दगडाचा आधार जातो. तो पट्टा उकरून 'स्वच्छ' करण्याचा मोह आवरा.

पांढरी माती जास्त फसवी. कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, ओल लागली की न सांगता बसते. एका गढीत नोव्हेंबरात आम्ही छातीइतकी खोल कड उभी कापली होती. टेकू उद्या लावू, असं मीच म्हणालो होतो. विहिरींच्या कामात आयुष्य गेलेले एक आजोबा तोंडाशी बसून होते. कडेवरून साखरेसारखी बारीक माती ओघळायची, थांबायची, पुन्हा ओघळायची. आम्हा कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "भाऊ, बाहेर या. माटी बोली र्‍हायनी." म्हणजे माती बोलतेय. आम्ही फावडं तिथेच टाकून बाहेर आलो. चहा ओतून होतो न होतो तोच कड बसली. फावड्याच्या दांड्याचं टोक तेवढं वर राहिलं होतं. त्या जागी पाच मिनिटांपूर्वी एकोणीस वर्षांचा मुलगा वाकून घमेलं भरत होता.

एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. माणूस छातीपर्यंत गाडला गेला तरी त्याला श्वास घेता येत नाही. म्हणून कड छातीइतकी खोल जाणार असेल तर आधी फळ्या आणि बल्ल्यांचे टेकू, मग पुढची कुदळ. टेकू जमत नसतील तर कड उतरती कापा. जास्त माती उपसावी लागेल, लागू द्या.

एवढं करूनही कुणी दबलंच, तर सगळ्यांनी एकदम आत उडी मारू नये आणि जेसीबी बोलावून वरून उकरू नये. एकाने ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा, दोघांनी शाबूत बाजूने हाताने माती काढत आधी तोंड आणि मग छाती मोकळी करायची.

कंदील जळतोय म्हणजे हवा चांगली, ही समजूत

हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. १९.५ च्या खाली काम थांबवावं लागतं, पण मेणबत्तीची ज्योत १६-१७ टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे ज्योत विझेपर्यंत तुमचं डोकं जड झालेलं असतं. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर ज्योतीला कळतच नाही. साचलेलं पाणी उपसायला डिझेल पंप आत उतरवणं ही यातली सर्वांत घातक चूक. पंप बाहेर ठेवा, तोंडापासून लांब, आत फक्त पाइप जाऊ द्या.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खान्देशाची ती राजधानी. तिथला कुंडी भंडारा एकदा जरूर बघा. १६१५ च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं आणि ठराविक अंतरावर वरपर्यंत उघड्या कुंड्या ठेवल्या. हवा आणि उजेड तिथूनच आत पोचतो. आपण एका तोंडाच्या भुयारात वीस माणसं कोंबतो.

आत तीन-चारच जण ठेवा, आतली हाक ऐकायला तोंडाशी एक माणूस कायम बसवा. गॅस मोजायचं यंत्र भाड्याने घ्या. ब्लोअर लावलात तर त्याचं तोंड जनरेटरच्या धुराकडे नको. डोकं दुखलं, मळमळलं, धाप लागली की सगळ्यांनी बाहेर यायचं. आत कुणी कोसळला तर त्याच्या मागे धावू नका, त्यात दुसराही जातो. म्हणून खोल उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आधीच बांधलेला हवा.

उपसलेली माती तोंडाशीच टाकणं

मोकळी झालेली माती फुगते, जागा जास्त खाते. ढीग उताराच्या वरच्या अंगाला टाकला तर पहिल्याच पावसात ती परत आत येते. माणसांची साखळी लांबवा, घमेली खालच्या अंगाला जाऊ द्या. माती चाळूनच टाका. खापराचे तुकडे, नाणी, कोरीव दगड दिसले की तिथलं काम थांबवा, वस्तू हलवण्याआधी जागेवरच फोटो आणि मोजमाप घ्या. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर १८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरलेल्या धनाच्या) कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गढी किंवा किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ उचलूच नका. भिंतींना तारेचा ब्रश नको, चुन्याच्या सांध्यांत सिमेंट नको.

काम दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत आटोपतं घ्या. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हात घामेजलेला माणूस आत घाई करतो.

वटवाघळांना धूर देणं

आत वटवाघळं असतील तर ती बाहेर पडतात त्या संध्याकाळच्या वेळा टिपून ठेवा आणि पिल्लांच्या दिवसांत काम बंद ठेवा. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, तेव्हा रुमाल नको, एन-९५ मास्क वापरा. काम संपल्यावर तोंडाला पत्रा ठोकू नका. आडव्या गजांची जाळी लावा, वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून गजांत साधारण पावणेसहा इंच जागा सोडा आणि कुलपाची एक किल्ली ग्रामपंचायतीत द्या.