सहावीची पोरं तुमच्या डॉर्ममधे आली असतील तर

यंदा अकरावीत गेलात आणि हाउस मास्टरांनी सहावीचा डॉर्म तुमच्याकडे दिला असेल तर हा माझा अनुभव तुमच्यासाठी. मी सैनिक शाळेत सात वर्षं काढली, अकरावीत असताना बारा पोरं माझ्याकडे होती. शाळा साताऱ्याची असो, १९६१ ची, देशातली पहिली, नाहीतर चंद्रपूरची नवी, घर सोडून आलेलं दहा-अकरा वर्षांचं लेकरू सगळीकडे सारखंच.

सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, नववीची फक्त इंग्लिशमधून. म्हणजे पोरगं मराठीत पेपर लिहून पास होतं आणि इथं आल्यावर वर्गात सगळं इंग्लिश, मग झेडपी शाळेत कायम पहिला येणारा तोंडच उघडत नाही. त्याला ढ समजू नका प्लीज. प्रेप, म्हणजे संध्याकाळचा अभ्यासाचा तास, संपली की दहा मिनिटं जवळ बसवून मराठीत विचारा काय कळलं नाही ते, माझ्या पोरांपैकी बहुतेक दिवाळीपर्यंत बोलायला लागली होती.

दिवसा कुणी रडत नाही. पीटी, क्लास, गेम्स, प्रेप, वेळच नसतो. रडू येतं लाइट्स आउट झाल्यावर, आणि आईबाबा भेटून गेले की त्या रात्री तर हमखास. तेव्हा लेक्चर नको, पलंगाच्या कडेला बसा, जेवलास का विचारा, बास.

माझ्याकडे लातूरकडचा एक होता. तो टायची गाठ कधी सोडायचाच नाही, सैल करून डोक्यातून काढायचा आणि तशीच ट्रंकेत ठेवायचा. मला वाटलं आळस. एकदा इन्स्पेक्शनच्या आधी गाठ वाकडी दिसली म्हणून मी सरळ सोडून टाकली, आणि ते पोरगं हुंदके देऊन रडायला लागलं. बाबांनी सोडायला आले तेव्हा बांधून दिलेली गाठ होती ती, दीड महिना जपलेली. मी सॉरी म्हटलं, मग आरशासमोर त्याच्या मागं उभा राहून त्याच्या हातांवर हात ठेवून चारपाच वेळा त्याच्याकडून बांधून घेतली. तेव्हापासून कुणाच्याही वस्तूला हात लावण्याआधी मी विचारतो.

सिनियरांनी आपल्याला रगडा दिला म्हणून आपणही द्यायचा, हे तुमच्यापाशी थांबू द्या. मारलेलं पोरगं शिस्त शिकत नाही, लपवायला शिकतं, मग ताप आला तरी सांगत नाही.

आणि कुणाचं अंथरूण ओलं झालं, पहिल्या महिन्यात होतंच, तर पीटीची शिट्टी व्हायच्या आधी स्वतः उठून चादर बदला, मेट्रनना बाजूला घेऊन सांगा, आणि बाकीच्या अकरा जणांना कळू देऊ नका.